टू-स्ट्रोकचा सायलेन्सर बोंबलतोय? आधी गळती शोधा

यामाहाची आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात बनली. येझदीचा मैसूरचा कारखानाही १९९६ मध्येच बंद पडला. म्हणजे आज सोलापुरात सात रस्त्यावरून किंवा अशोक चौकातून जी आरएक्स १०० किंवा जुनी येझदी तुमच्या शेजारून सुटते, तिचं वय तिशीच्या घरात आहे किंवा तिशी ओलांडलेलं आहे. इंजिन इतकी वर्षं टिकतं, कारण पिस्टन, रिंगा, बेअरिंग बदलत राहता येतात. सायलेन्सर मात्र बोलूनचालून पत्रा. आतून काजळी आणि ओल, बाहेरून चिखल आणि ऊन. कधी ना कधी तो ओरडू लागतोच.

ओरडू लागला की मालकांचे दोन प्रकार दिसतात. एक जण दुकानात जाऊन मिळेल तो नवा, चकचकीत सायलेन्सर बसवून मोकळा होतो. दुसरा ‘फायरिंग काय भारी आलंय बे!’ म्हणत तसाच गावभर फिरतो. पहिल्याचे पैसे वाया जातात, दुसऱ्याचं इंजिन. हा लेख पहिल्यासाठी आहे, पण दुसऱ्यानेही वाचायला हरकत नाही, कारण त्याच्या गाडीचं पिकअप कुठे गेलं याचं उत्तर यात सापडेल.

एक गैरसमज आधी दूर करू. टू-स्ट्रोकचा सायलेन्सर म्हणजे नुसता आवाज दाबायचा डबा नव्हे, तो इंजिनाचाच भाग आहे. फोर-स्ट्रोकमध्ये जळका धूर बाहेर घालवायला वेगळा व्हॉल्व्ह असतो. टू-स्ट्रोकमध्ये ब्लॉकला नुसती खिडकी असते, पोर्ट. पिस्टन खाली आला की ती उघडते, वर गेला की बंद होते. उघडी असताना जळका धूर बाहेर पडतो आणि त्याच्या मागोमाग नवं पेट्रोल-हवेचं मिश्रणही निसटायला बघतं. हे निसटणं अडवायचं काम सायलेन्सरचा आकार करतो. नळी आधी हळूहळू रुंद होते आणि पुढे पुन्हा निमुळती होते. धुराचा दाब रुंद भागात पसरला की उलट ओढ तयार होते आणि ती ब्लॉकमधला उरलेला धूर खेचून घेते. निमुळत्या भागावर आपटून परतलेला दाब बाहेर आलेलं मिश्रण पुन्हा आत ढकलतो. सगळा खेळ सेकंदाच्या शंभराव्या भागाच्याही आत होतो.

या आकाराचं शास्त्र ज्याने रेसच्या मैदानावर पक्कं केलं, तो पूर्व जर्मनीतल्या एमझेड कंपनीचा अभियंता वाल्टर काडेन. १९५० च्या दशकात अत्यंत तुटपुंज्या साधनांवर त्याने १२५ सीसीच्या इंजिनातून अशी ताकद काढली की जग थक्क झालं. १९६१ मध्ये त्याचा स्वार अर्न्स्ट डेग्नर पश्चिमेकडे पळाला, ते ज्ञान सोबत घेऊन सुझुकीत गेला आणि पुढच्याच वर्षी सुझुकीने ५० सीसीचं जगज्जेतेपद मिळवलं. त्यानंतर इतर जपानी कंपन्यांनीही टू-स्ट्रोकच्या नळीचा आकार गंभीरपणे घेतला. तुमच्या आरएक्सच्या साध्या दिसणाऱ्या सायलेन्सरच्या पोटातही याच हिशेबाने केलेली मापं आहेत. तेव्हा कुणी म्हणालं, ‘सायलेन्सरच्या आतली जाळी काढून टाक, गाडी मोकळी होईल’, तर तो जे मोकळं करतोय ते कुणाचं तरी डोकं लावून बांधलेलं गणित आहे, एवढं लक्षात ठेवा. मोठा आवाज ऐकून वेग वाढल्यासारखा वाटतो. घड्याळ लावून पाहिलं तर बहुतेक वेळा खालच्या गिअरमधली ओढ कमीच झालेली असते.

आता कामाकडे वळू. पाना हातात घ्यायच्या आधी कान लावा. सकाळी, गाडी पूर्ण थंड असताना, उघड्या अंगणात किंवा रस्त्याकडेला ती चालू करा. बोळात किंवा बंद शेडमध्ये हे करू नका. त्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्याला वास नाही आणि तो जीव घेतो. पूर्व भागात राहत असाल तर यंत्रमाग बंद असतानाची वेळ निवडा, नाहीतर मागाच्या खडखडाटात बारीक फुसफुस ऐकूच येणार नाही.

इंजिनाच्या तोंडापाशी, म्हणजे नळी ब्लॉकला जिथे मिळते तिथे, तुटक ‘फट-फट’ येत असेल आणि आजूबाजूला काळा तेलकट ओघळ दिसत असेल, तर पॅकिंग गेलंय. शेपटाकडून पोकळ, घुमणारा आवाज येत असेल तर आतली जाळी, म्हणजे बॅफल, जागेवर नाही किंवा तिचा स्क्रू पडून ती सैल झाली आहे. पोटाखालून ‘फुर्र’ ऐकू येत असेल तर पत्र्याला भोक आहे. खडबडीत रस्त्यावर किंवा ठरावीक वेगाला खळखळ होत असेल तर ब्रॅकेटचा रबर बुश गेला असेल, वेल्डिंग चिरलं असेल किंवा सायलेन्सरच्या आतला एखादा पडदा सुटला असेल.

आणखी एक जागा बहुतेक जण तपासतच नाहीत. ॲक्सिलरेटर पिळल्यावर सीटखालून घोगरी गर्जना येत असेल तर दोष सायलेन्सरचा नाहीच. एअर फिल्टरचं झाकण उघडं आहे, त्यातला फोम कुजून गेलाय किंवा ‘हवा जास्त मिळावी’ म्हणून कुणीतरी फिल्टरच काढून टाकलाय. टू-स्ट्रोकचा निम्मा गोंगाट कार्बोरेटरच्या बाजूने येऊ शकतो. फिल्टरशिवाय हवा जास्त जाते, पेट्रोल तेवढंच राहतं, मिश्रण पातळ होतं आणि इंजिन तापतं. सोलापूरच्या मे महिन्यातल्या उन्हात पातळ मिश्रणावर चाळीस किलोमीटर अक्कलकोट गाठायला निघालात तर पिस्टन जाम व्हायला वेळ लागणार नाही. त्यात आपल्याकडची धूळ थेट ब्लॉकमध्ये जाते, ती वेगळीच. फोम नवा बसवणं हे या लेखातलं सगळ्यात स्वस्त काम असेल.

गळती नक्की कुठे आहे हे कळत नसेल तर एक जुनी चाचणी आहे. सोबत कुणाला तरी घ्या. जाड चामडी हातमोजा घालून पोत्याचा ओला, घडी केलेला तुकडा सायलेन्सरच्या शेपटावर क्षणभर दाबून धरायला सांगा. सगळं ठीक असेल तर इंजिन लगेच गुदमरून बंद पडायला लागतं. ते आरामात चालत राहिलं तर धूर दुसऱ्या वाटेने निघतोय, आणि त्या क्षणी ती वाट फुसफुसून स्वतःच सांगते. दोन-तीन सेकंदांपेक्षा जास्त दाबू नका, आणि तापलेल्या सायलेन्सरवर तर अजिबात नको.

पॅकिंगपासून सुरुवात करा. ते स्वस्त आहे आणि दोष तिथे असण्याची शक्यताही मोठी. तोंडाचे नट तीस वर्षं तापून-निवून स्टडला चिकटलेले असतात. आदल्या रात्री गंज सोडवणारं तेल किंवा निदान डिझेल लावून ठेवा. सकाळी पाना थोडा मागे, थोडा पुढे करत सोडवा. जोर लावून एका दमात फिरवायला गेलात तर स्टड मोडतो. मोडलेला स्टड काढायला लेथवाल्याकडे ब्लॉक न्यावा लागतो आणि दहा मिनिटांचं काम दोन दिवसांवर जातं. येझदीला नटांऐवजी नळीभोवती मोठी रिंग नट असते. ती तिच्या आकड्याच्या पान्यानेच सोडवा. छिन्नी लावून हातोडीने ठोकली की तिचे दात झिजतात, मग ती पुन्हा कधीच नीट आवळली जात नाही. आज बाजारात दिसणाऱ्या निम्म्या येझदींच्या रिंग नटवर छिन्नीचे घाव असतील. येझदीला एका सिलिंडरला दोन पोर्ट आणि दोन सायलेन्सर असतात, त्यामुळे दोन्ही बाजू तपासा. एकीकडची गळती दुसरीकडच्या आवाजात लपते.

नळी उतरली की पोर्टमध्ये डोकवा. टू-स्ट्रोकमध्ये पेट्रोलबरोबर तेल जळतं, त्याची काजळी इथे थराथराने बसते आणि खिडकी अरुंद होते. खरवडण्याआधी किक हळू दाबून पिस्टन वर आणा, म्हणजे त्याच्या बाजूने खिडकी झाकली जाईल आणि खपली ब्लॉकमध्ये पडणार नाही. खरवडायला लाकडाची चपटी काडी किंवा बोथट पितळी पट्टी घ्या. स्क्रूड्रायव्हरने पिस्टनला ओरखडा पडला तर नसतं काम निघेल. शेवटी हवेचा फवारा मारा. दोन्ही बाजूंचे जुने पॅकिंगचे तुकडे साफ करून नवं पॅकिंग बसवा. जुनं उलटं करून, दोन जुनी एकावर एक ठेवून किंवा एम-सील थापून हे काम होत नाही. एम-सील इथल्या उष्णतेला तगत नाही. लाल हाय-टेम्परेचर सिलिकॉन मागच्या थंड सांध्याला ठीक आहे, पण इंजिनाच्या तोंडाशी तेही जळून जातं.

जोडतानाचा क्रम महत्त्वाचा आहे, आणि गॅरेजमध्येही तो पाळला जातोच असं नाही. आधी सगळे नट-बोल्ट नुसते हाताने लावा. मग इंजिनाकडचे नट थोडे थोडे, आलटून-पालटून, सारख्या ताणाने आवळा. मागच्या ब्रॅकेटचा बोल्ट सगळ्यात शेवटी. आधी मागचा बोल्ट कसला की सायलेन्सर ओढाताणीत अडकतो, तोंडाशी पॅकिंग तिरकं दाबलं जातं आणि महिन्याभरात पुन्हा फट-फट सुरू. ब्रॅकेटचा रबर बुश कडक झाला असेल तर तोही आत्ताच बदला. रबर नसेल तर इंजिनाची थरथर थेट पत्र्यात जाते आणि वेल्डिंग चिरतं. स्टडवर थोडं ग्रेफाइट ग्रीस लावलंत तर पुढच्या वेळी सोडवताना तुम्हीच दुवा द्याल.

आता जाळी. आरएक्सच्या शेपटाखाली एक छोटा स्क्रू असतो. तो काढला की आतली भोकांची नळी पक्कडीने ओढून बाहेर काढता येते. निघत नसेल तर काजळीने चिकटली आहे. सायलेन्सर थोडा कोमट असताना फिरवत ओढा. भोकं बुजली असतील तर जाळी गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवून तारेच्या ब्रशने घासतात. हे उघड्यावर करा, धूर घाणेरडा असतो. तापवायची ती फक्त जाळी. बाहेरचा क्रोम चढवलेला सायलेन्सर ज्योतीवर धरलात तर क्रोम निळा-पिवळा पडेल आणि तो रंग परत जात नाही. काही मॉडेलमध्ये जाळीभोवती काचेची लोकर गुंडाळलेली असते. ती तेलाने भिजून घट्ट झाली असेल तर आवाज शोषत नाही, नवी गुंडाळा. आणि जाळी बसवल्यावर तो स्क्रू विसरू नका. टेंभुर्णीच्या रस्त्यावर जाळी गळून पडली तर मागून येणाऱ्याच्या चाकाखाली जाईल.

सायलेन्सरच्या आतच काजळी भरली असेल तर जुने मेस्त्री कॉस्टिक सोडा वापरतात. सूत रंगवण्याच्या धंद्यामुळे सोलापुरात कॉस्टिक कुणाला नवीन नाही, आणि त्याने हात कसा भाजतो हेही बऱ्याच जणांना ठाऊक आहे. रबरी हातमोजे आणि डोळ्यांवर चष्मा घातल्याशिवाय डबा उघडूच नका. सोडा पाण्यात घालायचा, सोड्यावर पाणी कधीच ओतायचं नाही. उलटं केलंत तर ते उकळून अंगावर उडतं. ॲल्युमिनियमच्या कुठल्याही भागाला ते लागू देऊ नका. ते धातू खातं आणि पेट घेणारा हायड्रोजन सोडतं. एक तोंड लाकडी बूच मारून बंद करा, द्रावण भरून रात्रभर ठेवा, सकाळी भरपूर पाण्याने धुवा, उन्हात कडकडीत वाळवा आणि आत थोडं इंजिन ऑइल फिरवा, नाहीतर संध्याकाळपर्यंत आतून गंज धरेल. घरात लहान मुलं असतील तर हा उद्योग गॅरेजवाल्यावर सोपवा. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धानंतरच्या काही टू-स्ट्रोक गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये कॅटॅलिटिक कन्व्हर्टर असतो, त्यात कॉस्टिक अजिबात घालू नका.

भोक पडलं असेल तर पत्रा किती उरलाय ते आधी पाहा. पेचकसाच्या मुठीने भोकाभोवती हलकेच टकटक करा. खणखणीत आवाज आला तर पत्रा जिवंत आहे. बद्द आवाज आला किंवा पत्रा दबला तर गंज आतून लांबवर पसरलाय आणि एक भोक बुजवून पुढच्या महिन्यात दुसरं पडेल. बहुतेक भोकं खालच्या बाजूला आणि शेपटाजवळ असतात, कारण पेट्रोल जळताना पाण्याची वाफ होते आणि ती थंड भागात साठते. नवी पेठ ते घर एवढीच गाडी फिरत असेल तर सायलेन्सर कधी पुरता तापतच नाही आणि ते पाणी आत राहतं. आठवड्यातून एकदा तुळजापूर रस्त्याला वीस-पंचवीस किलोमीटर सलग चालवलीत तर पाणी आणि साचलेलं तेल दोन्ही उडून जातात. देवीचं दर्शन हवं असेल तर आणखी थोडं पुढे गेलात की झालं.

वेल्डिंगला सायलेन्सर गाडीवरून उतरवूनच न्या. पेट्रोलची टाकी शेजारी असताना ठिणग्या नकोत, आणि वेल्डिंगचा करंट गाडीच्या वायरिंगमधून जायला नको. साध्या आर्क वेल्डिंगच्या जाड रॉडने हा पातळ पत्रा जळून भोक दुप्पट होतं. गॅस वेल्डिंगने पितळ भरणारा किंवा सीओटू वेल्डिंग करणारा कारागीर शोधा. अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला अशी कामं करणारे सापडतात. ठिगळाचा पत्रा सायलेन्सरइतक्याच जाडीचा असावा. तेलाच्या डब्याचा पत्रा टिकत नाही, आणि गॅल्व्हनाइज्ड पत्र्याला ज्योत लागली की जस्ताचा विषारी धूर निघतो. चेमटलेला भाग ठोकून सरळ करताना मूळ आकार बदलू देऊ नका. वर सांगितलेलं गणित याच आकारात आहे. भोक छान बुजलं पण पोट दोन बोटं आत गेलं, तर गाडी शांत होईल आणि मंदही.

हे सगळं झाल्यावर एक चक्कर मारून प्लग काढून पाहा. टोक तपकिरी असेल तर उत्तम. पांढरं पडलं असेल तर मिश्रण पातळ आहे, कुठेतरी हवा आत घुसतेय किंवा जेट लहान आहे. काळं-ओलं असेल तर तेल किंवा पेट्रोल जास्त. आधीच्या मालकाने मोकळ्या सायलेन्सरसाठी मोठा जेट बसवला असेल तर तो आता बदलावा लागेल. तेल चांगल्या प्रतीचं, कमी धुराचं टू-टी वापरा आणि प्रमाण कंपनीने सांगितलंय तेच ठेवा. ‘थोडं जास्त घातलं की इंजिनाला बरं’ या समजुतीने घातलेलं प्रत्येक जादा झाकण पुढे जाळीच्या भोकांत जाऊन बसतं.

कायद्याचं थोडक्यात सांगतो. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ च्या नियम १२० प्रमाणे प्रत्येक वाहनाला आवाज कमी करणारा सायलेन्सर असलाच पाहिजे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली आवाजाची मर्यादा मोडणाऱ्या वाहनाला, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच गुन्ह्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंड, तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतात, आणि लायसन्स तीन महिन्यांसाठी अपात्र ठरतं. तुलनेसाठी सांगायचं तर, एप्रिल २००५ पासून बनणाऱ्या ८० ते १७५ सीसीच्या नव्या मोटरसायकलींना चाचणीत ७७ डेसिबलची मर्यादा आहे. तुमची गाडी त्याआधीची आहे, पण कान सगळ्यांचे सारखेच. १० डेसिबल वाढले की माणसाला आवाज साधारण दुप्पट वाटतो. रुग्णालय, शाळा आणि न्यायालयाभोवतीचा १०० मीटरपर्यंतचा परिसर शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तेव्हा सिव्हिल हॉस्पिटलसमोरून रात्री अकराला ‘फायरिंग’ काढत जाणाऱ्याला कुठलीच सबब नाही. पंधरा वर्षं उलटलेल्या गाडीची नोंदणी दर पाच वर्षांनी नव्याने करावी लागते. एमएच-१३ च्या त्या पासिंगच्या वेळी मूळ घाटाचा, शांत सायलेन्सर असलेली गाडी दाखवणं सोपं जातं.

आता नवा घ्यायची वेळ खरोखरच आली तर. बाजारात आरएक्ससाठी सायलेन्सर भरपूर मिळतात आणि बाहेरून सगळे सारखेच दिसतात. हातात घेऊन वजन पाहा. हलका असेल तर पत्रा पातळ आहे किंवा आतले पडदे नाहीत. शेपटातून टॉर्च मारा. सरळ आरपार दिसलं तर तो सायलेन्सर नव्हे, नुसतं नळकांडं आहे. जाळी काढता येते का, वेल्डिंगची शिवण सलग आहे का, तोंडाची बैठक सपाट आहे का, एवढं पाहूनच पैसे द्या.

आणि दुकानदार ‘जुना इथेच ठेवा, थोडे पैसे कमी करतो’ म्हणाला तर ऐकू नका. कंपनीचा मूळ सायलेन्सर कितीही गंजलेला असला तरी त्याचा आकार आणि जाड पत्रा आज नव्याने सहज मिळत नाही. चांगला कारागीर सापडला तर तो पुन्हा उभा राहतो. तो धुऊन, तेल लावून, कोरड्या जागी ठेवा. भंगारात देऊ नका.